केकवरचं अक्षर

वृषालीनं केकवर तिसऱ्यांदा नाव लिहिलं आणि तिसऱ्यांदा पुसलं. केकचा क्लास करून दोन महिने झाले होते. फुलं छान जमायची, अक्षर मात्र वाकडंच यायचं.

"बघू जरा," दारातून सासरे म्हणाले. त्यांनी तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. फ्लेक्स आले आणि त्यांचे ब्रश माळ्यावर गेले.

क्रीमचा कोन हातात घेऊन त्यांनी एका दमात 'चिरंजीव ओजस' लिहिलं. एकेकाळी सगळ्या बाजारपेठेत दिसायचा, तोच झोक वेलांटीला आला.

"बाबा, मला शिकवाल?"

पोटच्या मुलानंही त्यांना हे कधी विचारलं नव्हतं.

"आधी शिरोरेघ," ते कोन तिच्या हातात देत म्हणाले. "ती सरळ आली की बाकीचं येतं."