पांढऱ्या बशीवरचा डाग

चिनी मातीच्या पांढऱ्या बशीवर काळा, चकचकीत डाग उमटला आणि दिवाणखान्यातल्या झाडून सगळ्यांनी बाईसाहेबांकडे पाहिलं.

"सोमल," रसायनाचे प्राध्यापक म्हणाले. काचेच्या नळीच्या टोकाशी ज्योत अजून जळत होती. बाटलीत जस्त होतं, आम्ल होतं आणि बाईसाहेबांच्या, महिनाभर अंथरुणाला खिळून गेल्या आठवड्यात वारलेल्या नवऱ्याच्या जठरातला अंश होता. विष ओळखायची ही नवी करामत शहरात एकट्या प्राध्यापकांनाच येत होती. त्यामुळे तोरा काही विचारू नका.

"मी म्हणतच होते! हिनंच घातलं विष," नणंद ओरडली. मागे उभ्या नोकरांनी माना डोलावल्या. बाईसाहेबांना सगळं घर पाण्यात पाहत असे आणि त्यात घराची काही चूक नव्हती. मेजवान्या, घोड्यांच्या शर्यती आणि जिभेवर कायम विस्तव. त्यात विधवा नणंदेला वेगळं बिऱ्हाड करून द्या, असा त्यांनी नवऱ्यामागे लकडा लावला होता. तोही अखेर कबूल झाला होता.

फौजदार उठला. बाईसाहेब जागच्या हलल्या नाहीत.

"प्राध्यापक, बाटली धुवा. या खेपेला नुसतं जस्त आणि आम्ल. आमचे हे नकोत."

"बाईसाहेब, शास्त्रात अशी ढवळाढवळ..."

"घाला म्हणते ना!"

प्राध्यापकांनी रागारागानं घातलं. बशीवर तस्साच डाग पडला. सोमल जस्तातच होता. या उंटावरच्या शहाण्यानं आपलं जस्त कधी तपासलंच नव्हतं!

"तुम्ही मोकळ्या आहात," फौजदार नाइलाजानं म्हणाला. नोकरांचे चेहरे पडले. नणंद मात्र लगेच म्हणाली, "जाऊ द्या आता. गेलेला जीव थोडाच परत येतो?"

बाईसाहेबांनी बटव्यातून एक पुडी काढून टेबलावर आपटली. "हे शुद्ध जस्त. आधी नुसतं तपासा, मग ह्यांचा अंश घाला."

"आणि डाग आला तर?" फौजदारानं विचारलं. "फास तुमच्याच गळ्यात पडेल."

"पडू दे."

नवरा त्यांना फारसा आवडत नसे. पण तो त्यांचा होता आणि आपल्या वस्तूला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. आतून मात्र त्यांची पाचावर धारण बसली होती.

नुसत्या जस्तानं बशी पांढरीच राहिली. मग अंश घातला आणि बशी काळी झाली. फौजदार बाईसाहेबांच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"म्हणजे विष मीच पाजलं," बाईसाहेब नणंदेकडे वळून गोड हसल्या. "बरोबरच आहे, वन्सं. मरेपर्यंत त्यांना माझ्याच हातचं गोड लागत होतं."

इतक्या वर्षांचा राग नणंदेला आवरला नाही.

"तुझ्या हातचं? अकरा वर्षांत पाण्याचा पेला तरी दिलास कधी त्याला? या आजारपणात त्याच्या पोटात गेलेला घास न घास माझ्या हातचा होता!"