कुठले वैशंपायन?

अमेरिकेतल्या कॅरी गावात एका हौशी नाट्यसंस्थेची ऑडिशन चालू होती. दिग्दर्शिका कॅरलनं कागदावरचं आडनाव वाचलं, समोर उभ्या जगन्नाथ वैशंपायनांकडे पाहिलं, मग शेजारी बसलेल्या नाटकाच्या लेखिकेकडे, आरोही वैशंपायनकडे.

“तुम्ही नातेवाईक का?”

“नो, नो,” जगन्नाथराव म्हणाले. “व्हेरी कॉमन नेम. आमच्याकडे गल्लोगल्ली वैशंपायन.”

धडधडीत थाप होती. आरोही त्यांची सख्खी सून. पण सुनेच्या वशिल्यानं म्हाताऱ्याला काम मिळालं, असं कुणी म्हटलेलं त्यांना जन्मात चाललं नसतं. म्हणून तर डेंटिस्टकडे जातो असं सांगून स्वारी घरातून सटकली होती.

आरोहीनं डोळे मोठे केले. मग सावरून मराठीत विचारलं, “कुठले वैशंपायन तुम्ही?”

“वाईचे. आपण?”

“मी लग्नानंतरची. सासरे वाईचेच.”

“वा! कसा आहे माणूस?”

“चांगला आहे. फक्त दातांचं निमित्त काढून कुठंही जातो.”

कॅरलला यातलं काही कळलं नाही. तिनं जगन्नाथरावांच्या हातात संवाद दिले. भूमिका खडूस सासऱ्याची. नाटक इंग्रजी, पण पहिलंच वाक्य आरोहीनं मराठीत ठेवलं होतं: ‘हा चहा आहे होय?’

जगन्नाथराव थबकले. हे तर त्यांचंच वाक्य! आरोहीनं लग्नानंतर पहिल्यांदा चहा केला, तेव्हाचं. त्याखालची ओळ त्यांचीच, त्याच्याखालचीसुद्धा. त्यांनी मान वर केली. आरोही पेनाचं टोपण चावत होती, कान लालबुंद झाले होते.

कागद ठेवावा आणि चालू लागावं, असं त्यांना क्षणभर वाटलं. पण आतल्या नटानं सासऱ्यावर मात केली. ते वाक्य त्यांनी अशा ठसक्यात टाकलं, की मराठीचा गंध नसलेली कॅरलसुद्धा खो खो हसत सुटली.

“हाच! मला हाच माणूस हवा!”

जगन्नाथरावांना आभाळ ठेंगणं झालं.

पार्किंगमध्ये आरोहीनं त्यांच्यासाठी गाडीचं दार उघडलं. “सॉरी, बाबा. राग आला ना?”

“येणारच! हशा पिकवणारी सगळी वाक्यं माझी, आणि पोस्टरवर नाव एकटीचं तुझं?”

“नाव माझं असेल, बाबा,” ती हसत म्हणाली. “आडनाव तुमचंच आहे की!”