दसऱ्याचा फोटो

नालवाडीच्या प्रभाकरराव ठेकेदारांनी वेबसाइटसाठी मागच्या दसऱ्याला फोटो काढला होता. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो, तरी त्यांनी पूजेतला ओळंबा, भिंत सरळ आहे का ते बघायचं दोरीचं वजन, उचलून श्रावण मिस्त्रीच्या हाती दिला आणि त्याला बांबूच्या परांचीवर चढवलं. फोटो झकास आला. उतरताना श्रावणचा पाय निसटला, तो खाली पडून जागीच गेला. वेबसाइट मात्र चालली. आर्वीहूनही फोन येत, आणि प्रत्येकाला हवा असे तोच, फोटोतला हसरा मिस्त्री. "गावाले गेला," म्हणताना प्रभाकररावांची नजर खिळ्याला टांगलेल्या ओळंब्याकडे वळे. आज पुन्हा दसरा. श्रावणची बायको वच्छला पूजेसाठी त्याचा ओळंबा मागायला आली आणि कॉम्प्युटरसमोर थबकली. पडद्यावर नवरा हसत होता. प्रभाकररावांनी मान खाली घातली. "आजच काढून टाकतो हा फोटो, वच्छलाबाई." तिनं काचेवर बोट ठेवलं. "काऊन काढता, साहेब? इथं ते अजून पडले नाई."