निरोगी पुरुष, वय ३१

"मॅडम, ही ट्यूब कुणाची?"

निवृत्तीला दोनच दिवस उरले होते आणि मॅडम आपल्या प्रयोगशाळेतला जुना फ्रीझर रिकामा करून देत होत्या. विद्यार्थिनीने पुढे केलेल्या बोटभर ट्यूबवर त्यांचंच अक्षर होतं: 'निरोगी पुरुष, वय ३१.'

पीएचडीच्या वेळी रुग्णांच्या रक्ताशी ताडून पाहायला धडधाकट माणसाचं रक्त हवं होतं. नवऱ्याने हसत बाही वर सारली होती. ट्यूबवरची चिठ्ठी वाचून तो म्हणाला होता, "लेखी दिलंस. आता आजारी पडायची सोय नाही." पुढे त्यांच्या प्रत्येक शोधनिबंधात तो रुग्णांच्या शेजारी निरोगी म्हणून उभा राहिला. गेल्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने तो गेला.

"टाकून द्यायची ना?" विद्यार्थिनीने विचारलं.

मॅडमनी हातमोजा काढला आणि ती गोठलेली ट्यूब मुठीत धरली.

मुलगी चपापली. "मॅडम, हातात नको, बर्फावर ठेवा. उबेने वितळेल."

हेच वाक्य मॅडमनी तीस वर्षं शिकवलं होतं. त्यावरून कित्येकांना रडवलंही होतं.

"वितळू दे," त्या म्हणाल्या.

ट्यूब त्याच्या अंगाइतकी कोमट होईपर्यंत त्यांनी मूठ उघडली नाही.