लोकसंख्या दोन

आंबेघोलमध्ये उरलेल्या दोघांपैकी येसबा गेल्याचं त्यांच्या बायकोने, आक्कांनी, फोनवर सांगितलं, तेव्हा मोरेश्वररावांनी ऑनलाइन विश्वकोशातला गावाचा लेख उघडला. गावांच्या लेखांचा साचा, म्हणजे आकडे आपोआप भरणारा तक्ता, तेच सांभाळत. येसबांच्या नोंदीत मृत्यूची तारीख घातली की साचा लोकसंख्या एकवर आणणार होता, आणि दोनाच्या खाली गेलेलं गाव आपोआप ओस ठरत असे. सरकारी यंत्रं तोच लेख वाचून वीज तोडत, एसटी बंद करत.

“मला शहरात नेऊन टाकतील का हो, भाऊ?”

“नाही, आक्का. मी तारीखच घालत नाही.”

“मग ह्यांची औषधं येत राहतील की!”

“येऊ देत.”

“जित्तेपणी कधी वेळेवर आली न्हाईत मेली,” म्हणत आक्का हसल्या आणि मग रडतच राहिल्या.

त्यानंतर दर रविवारी मोरेश्वरराव त्यांना फोन करत. एका रविवारी तो नुसताच वाजत राहिला. आक्का गेल्याचं शेजारच्या गावातल्या गुराख्याने कळवलं. मोरेश्वररावांनी लेख उघडला. आता दोन तारखा घालायच्या होत्या. त्यांनी तो तसाच मिटला.

विनाचालक एसटी आजही आंबेघोलला थांबते, दार उघडते, दोन माणसांची वाट पाहते आणि रिकामीच परत फिरते.