पेटीतली जागा

कुब्लूने नकाशा जमिनीवर पसरला आणि त्याची टोकं दाबायला चहाचे मग ठेवले. समोर तिचा नवरा सिमिओनी मांडी घालून बसला. कॅरिबू हरणांचा कळप मोठ्या तळ्यापलीकडे आल्याची खबर होती. उद्या उजाडताच निघायचं, तळ्याकाठी तंबू ठोकायचा आणि परवा कळप गाठायचा.

"नदीच्या मुखावरून नको," ती म्हणाली. "तिथला बर्फ अजून भरवशाचा नाही."

"मग टेकडीवरून जाऊ. बर्फावरच्या स्कूटरला पेट्रोलचा एक डबा जास्त घेतो." सिमिओनी खुशीत होता. "पाच तरी लोळवतो बघ."

"अजून मोठ्याने बोल," खिडकीपाशी बसलेला त्याचा सासरा उयाराक म्हणाला. "त्यांना नीट ऐकू जायला हवं."

सिमिओनीने जीभ चावली. शिकारीआधी जनावरांच्या बाबतीत फुशारकी मारायची नसते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

उयाराक सकाळपासून जागचा हलला नव्हता. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. दक्षिणेतल्या इस्पितळात नंबर लागायचा तो बर्फ वितळल्यावर. नकाशा त्याला दिसत नव्हता, पण तोंड तिकडेच होतं.

"बाबा," त्याने हाक मारली, "घसरगाडीत जागा किती उरते?"

ही हाक लेकीला होती. उयाराकचे वडील गेले त्याच हिवाळ्यात कुब्लू जन्मली. त्यांचं नाव तिला मिळालं आणि नावाबरोबर त्यांचं नातंही. तेव्हापासून तो तिला बाबा म्हणत आला होता आणि बोलायला लागल्यापासून ती त्याला पोरा. गावात याचं कुणालाच नवल नव्हतं.

"उरत नाही," कुब्लू म्हणाली. "थंडी बघितलीस का, पोरा? गाडी उलटली तर तुला शोधू की कळप?"

"मी बंदुकीला हात लावणार नाही."

"लावून तर बघ."

"मी कधी काही मागितलंय तुमच्याकडे?"

"रोज मागतोस. कालच साखर मागितलीस."

सिमिओनी हसला. म्हातारा हसला नाही, तेव्हा त्यानेही हसू आवरलं.

कुब्लूचा आवाज खाली आला. "पण जाऊन करशील काय? तुला काही दिसणार नाही."

"पहिल्यांदा नेलंत तेव्हा तरी कुठे दिसलं?" उयाराक म्हणाला. "एवढासा होतो मी. गाडीवरच्या पेटीत बसवलंत आणि वारा लागू नये म्हणून कातडं डोक्यावरून ओढलंत. कळप अगदी शेजारून गेला. चालताना त्यांचे घोटे वाजतात ना, कट कट, कट कट... मी आत अंधारात ऐकत राहिलो. संपतच नव्हतं. कातडं बाजूला केलंत तेव्हा समोर नुसते खूर उमटलेले." त्याने तोंड तिच्याकडे वळवलं. "मला तेवढंच पाहिजे, बाबा. अजून एकदा."

कुब्लूने नकाशाची घडी घातली. मग नवऱ्याला म्हणाली, "पेटी रिकामी कर. तळाला दोन कातडी अंथर."

"आणि पेट्रोलचे डबे?"

"मागे बांध. घट्ट."

ती उठली. दाराजवळच्या खुंटीवरून तिने म्हाताऱ्याचे कातडी बूट काढले, आत लोकरीचे मोजे सारले आणि त्याच्यापुढे गुडघे टेकून एक बूट चढवून पाहिला. अंगठ्याशी बोट दाबून जागा चाचपली. दोरी आवळली.

"निघायच्या आधी मुतून घ्यायचं," ती दरडावून म्हणाली. "वाटेत गाडी थांबणार नाही."

"हो, बाबा," उयाराक म्हणाला आणि त्याने दुसरा पाय पुढे केला.