सहीची किल्ली

सरपंच सत्यशीलानं पर्समधून टोकन काढून ग्रामपंचायतीच्या टेबलावर ठेवलं. दिसायला पेनड्राइव्हसारखं, पण तिची डिजिटल सही त्यात होती. निवडून आल्यापासून ते उपसरपंच राधाकिशनआप्पांच्या कपाटात असायचं आणि सह्या परस्पर व्हायच्या. गेल्या आठवड्यात ती त्यांच्या घरी गेली आणि टोकन मागून घेऊन आली.

"पवन, यातली सही माझ्या मोबाइलात काढून दे," आप्पा ऑपरेटरला म्हणाले. "बाईंनी हातातली कामं टाकून दर बारीला कशाला यायचं?"

पवननं सत्यशीलाकडं पाहिलं.

"दे काढून," ती म्हणाली.

पवननं टोकन लावलं, सर्टिफिकेटची फाईल बाहेर काढली, आप्पांना पाठवली. मोबाइलात ती उघडेना. त्यानं फॉरमॅट बदलून पुन्हा पाठवली. उघडली. सत्यशीलाचं नाव, गाव, तालुका, मुदत, सगळं होतं. आप्पा खुशीत आले.

"आता याच्यावरून माझ्या शेतरस्त्याच्या बिलावर सही कर."

पवननं टोकन बाजूला काढलं आणि फाईल लावून पाहिली. स्क्रीनवर उमटलं: सहीची किल्ली सापडली नाही.

"दुसऱ्या फॉरमॅटमधी काढ."

"कोणत्याबी फॉरमॅटमधी काढली तरी तेवढंच येतंय, आप्पा."

गेवराईच्या प्रशिक्षणात सत्यशीलानं हेच खोदून खोदून विचारून घेतलं होतं.

"तुमच्याकडं आलंय ते माझं नाव, आप्पा. सही माझीच हाय का, एवढं ताडून बघायला ते चालतंय. ते मी कुणालाबी देते. सही करायची किल्ली टोकनातून बाहेर निघतच न्हाई."

"मग टोकन ठेव हितं. पिन मला ठाव हाय."

"पिन बदललाय."

पवन कीबोर्डाकडं बघत बसला.

"लई शिकलीस की," आप्पा म्हणाले.

"शिकावं लागलं."

तिनं खुर्ची पुढं ओढली, टोकन स्वतः लावलं आणि भीमनगरच्या पाइपलाइनची फाईल उघडली. उन्हाळ्यापासून आप्पांनी ती अडकवून ठेवली होती. तिनं ओळ न् ओळ वाचली. मग सहीवर क्लिक केलं. पिनची चौकट आली.

पवननं आपणहून तोंड फिरवलं. आप्पा तिच्या खांद्यामागं तसेच उभे होते.

तिची बोटं कीबोर्डवर थांबली.

"आप्पा, जरा तिकडं बघा."

या कार्यालयात आप्पांना असं कुणी सांगितलं नव्हतं. ते हलले नाहीत. तीही हलली नाही. तिला घाई नव्हती.

शेवटी आप्पांनी खांद्यावरचं उपरणं नीट केलं आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.